उस्ताद वग्दींचा हातब्रेक

इस्कंदरिया शहराचा पाऊस तारीख पाहून येतो, यावर उस्ताद वग्दींचा ठाम विश्वास होता. हिवाळ्यात समुद्रावरून येणाऱ्या प्रत्येक वादळाला इथे नाव असतं आणि प्रत्येक नावापुढे तारीख. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला आणखी काय हवं? ‘केरसुणी’ नावाचं वादळ सोळा नोव्हेंबरला येतं, रस्ते झाडून नेतं आणि निघून जातं. उस्ताद वग्दी दरवर्षी पंधरा तारखेला गाडी उंचावरच्या गल्लीत नेऊन ठेवत. त्याआधी हलवणं म्हणजे एक तर भूगोलाचा अपमान, आणि दुसरं म्हणजे घरासमोरची जागा जाणार. घरासमोरची जागा एकदा गेली की ती परत मिळवायला माणसाला तरुण व्हावं लागतं.

म्हणून नऊ तारखेच्या संध्याकाळी त्यांची बायको इल्हाम खिडकीशी उभी राहून म्हणाली, “वग्दी, हे काही बरं दिसत नाही. गाडी वर नेऊन ठेव,” तेव्हा त्यांनी लोकरीची टोपी कानांवर ओढली.

“ही केरसुणी नाही,” ते म्हणाले.

“मग काय आहे?”

“काही नाही. नुसतं पाणी आहे.”

आणि सर्दीची गोळी घेऊन ते झोपले. ती गोळी अशी की घेतल्यावर माणसाला जगाशी काही देणंघेणं उरत नाही.

सकाळी त्यांना जाग आली ती एका हॉर्नने. थांबायचं नावच घेत नव्हता. ‘कोण गाढव आहे हा,’ असं म्हणत ते कुशीवर वळले, आणि वळता वळता त्यांना वाटलं की हा आवाज ओळखीचा आहे. आपल्या मुलाचं रडणं आई जशी दहा मुलांत ओळखते, तसा तो त्यांना ओळखू आला. पायजम्यावर कोट चढवून ते गॅलरीत धावले. खाली रस्ता नव्हता. तपकिरी पाणी होतं आणि त्यातून कॉफीवाल्याच्या खुर्च्या शिस्तीत एकामागोमाग समुद्राकडे चालल्या होत्या. घरासमोरची जागा रिकामी होती. गाडी गल्लीच्या टोकाला, रस्ता जिथे ट्रामचे रूळ ओलांडतो त्या उंचवट्यावर, रुळांच्या बरोबर मधोमध उभी होती. आत कोणी नव्हतं. वायपर आपणहून हलत होते, हॉर्न आपणहून वाजत होता आणि मागे एक ट्राम उभी होती. ट्रामच्या खिडक्यांतून डोकी बाहेर काढून उतारू त्या नसलेल्या ड्रायव्हरच्या घराण्याबद्दल बोलत होते.

उस्ताद वग्दी गुडघाभर पाण्यातून तिथे पोचले. या गाडीच्या डाव्या बाजूच्या मागच्या दाराचं कुलूप गेली कित्येक वर्षं लागत नव्हतं आणि ही गोष्ट अख्ख्या गल्लीला माहीत होती. त्या दारातून त्यांनी आत डोकं घातलं. गाद्या पाण्याने फुगल्या होत्या, पायाशी तळं साचलं होतं. पण त्यांची नजर अडकली ती वेगळ्याच गोष्टीवर. हातब्रेक ओढलेला होता.

इथे जरा थांबायला हवं, कारण हा चारित्र्याचा प्रश्न आहे. त्या गल्लीत गाड्या दोन ओळींत लागतात. आतल्या ओळीतल्या माणसाला निघायचं असेल तर तो बाहेरची गाडी हाताने ढकलतो आणि वाट करून घेतो. म्हणून सभ्य माणूस गाडी न्यूट्रलला ठेवतो आणि हातब्रेक ओढत नाही. जो ओढतो, त्याच्या घरी कोणी मुलगी देत नाही. उस्ताद वग्दींनी आयुष्यात गाडी लावून कधी हातब्रेक ओढला नव्हता, आणि या एका गुणावर त्यांना गल्लीत मान होता.

“कोणत्या गाढवाने हा ओढला?” ते ट्रामकडे वळून म्हणाले.

“मालेश, हाजी, मालेश,” उतारू म्हणाले. बुडालेली गाडी बघून उतारूंचा राग एकदम उतरला होता. इथे गाडी बुडाली काय आणि घर बुडालं काय, सांत्वनाचा शब्द हाच, म्हणजे जाऊ दे, व्हायचं ते झालं. ब्रेक पाण्याने घट्ट बसला होता, सुटेना. मग पंधरा-वीस माणसं ट्राममधून उतरली, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडल्या, देवाचं नाव घेऊन गाडी उचलली आणि फूलवाल्याच्या, म्हणजे ‘फूल’ नावाचा शिजवलेला घेवडा विकणाऱ्याच्या दुकानासमोर नेऊन ठेवली. हॉर्न तेवढा चालूच होता. अखेर इमारतीचा दरवान अम रगब पक्कड घेऊन आला आणि त्याने बॅटरीची तार काढली. हे करताना तो उस्तादांच्या नजरेला नजर देत नव्हता, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

घरी आले तर इल्हाम शिंकत होती.

“तुला काय झालं?”

“काही नाही. गार वारा लागला.”

“मी तुला सांगतो, खिडकीशी उभी राहत जाऊ नकोस,” उस्ताद वग्दी म्हणाले. मग त्यांनी तिला त्या गाढवाबद्दल सविस्तर सांगितलं. असला माणूस कुठल्या आईच्या पोटी जन्मतो, त्याला गाडी म्हणजे काय ते कळतं का, आणि तो समोर आला तर आपण काय करू. इल्हामने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि चहा टाकायला गेली.

ही गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हती. उस्ताद वग्दी कुवेतला आठ वर्षं मुलांकडून नद्यांची नावं पाठ करून घेत राहिले, जिथे एकही नदी नाही. त्या आठ वर्षांचं मुलांची शिक्षणं आणि ही गाडी एवढंच दिसण्यासारखं उरलं होतं. मुलं शिकून कॅनडाला गेली. गाडी राहिली. विम्याने पैसे दिले नाहीत तर ती भंगारात जाणार, हे त्यांना दिसत होतं. 

दुपारपर्यंत सल्ले सुरू झाले. पहिला आला तो खालच्या मजल्यावरच्या कॅप्टन गलालचा. कॅप्टन कधीच कॅप्टन नव्हते. ते मालवाहू जहाजावर यंत्रखात्यात होते, पण बंदराच्या गावात समुद्रावरून परत आलेला प्रत्येक जण कॅप्टनच.

“चालू करू नका,” कॅप्टन म्हणाले. “काहीही करा, किल्ली फिरवू नका. आत पाणी असताना इंजिन फिरलं की आतले दांडे वाकतात. मग तुम्ही आणि मी दोघं मिळून रडायचं. चोवीस तासांत सगळं रिकामं करा. तेल काढा, गाद्या काढा, गालिचे काढा.”

दुसरा सल्ला फूलवाल्याचा. तो म्हणाला, एकदा चालू तरी करून बघा, गाडीला घाम आला की पाणी आपोआप निघून जातं. तिसरा वरच्या मजल्यावरच्या मादाम फिक्रियांचा. त्यांचा मोबाईल एकदा बादलीत पडला होता आणि त्यांनी तो तांदळात ठेवून वाचवला होता.

“तांदूळ पाणी पितो, उस्ताद. मोबाईल लहान, त्याला वाटीभर लागला. गाडी मोठी.”

“पण मादाम, गाडी तांदळात ठेवायची म्हणजे...”

“गाडी तांदळात नाही हो. तांदूळ गाडीत.”

उस्तादांनी ऐकून घेतलं आणि विम्याच्या कचेरीत गेले. तिथली बाई काचेमागे शाल पांघरून बसली होती.

“कुठलं वादळ?” तिने विचारलं.

“कालचं. नऊ तारखेचं.”

“नऊ तारखेला वादळ नसतं, उस्ताद. केरसुणी सोळाला.”

 जवळजवळ हेच आपण काल आपल्या बायकोला सांगितलं, हे उस्ताद वग्दींना आठवलं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून किती मूर्खपणाचं ऐकू येतं हेही कळलं.

“पण आलं ना ते,” ते म्हणाले.

“मग पाऊस म्हणून लिहू. पण पावसाला विमा नाही. पुराला आहे.”

“मग पूर लिहा.”

“पूर नदीला येतो. इथे कुठे नदी?”

भूगोलाच्या शिक्षकाला कोणी असं विचारू नये. उस्तादांनी तिला पाऊणेक तास जमिनीचा उतार, गटारांची तोंडं आणि समुद्राची भरती समजावली. शेवटी तिने ‘पुरासारखं पाणी’ असं लिहिलं आणि वर बजावलं की कंपनीचा तपासनीस येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. तो कधी येणार? देवाची इच्छा असेल तेव्हा.

आता कॅप्टन म्हणतात चोवीस तासांत सगळं काढा आणि बाई म्हणते हात लावू नका. उस्तादांच्या डोक्याचा भुगा झाला. दोघांपैकी कुणाचं ऐकावं हे न कळल्यामुळे त्यांनी थोडंथोडं दोघांचं ऐकलं, आणि असं केल्यावर जे होतं ते झालं. गालिचे काढून त्यांनी गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकले. गालिच्यांतून तपकिरी पाणी खालच्या गॅलरीत ठिबकलं, तिथे कॅप्टनच्या बायकोने धुतलेल्या चादरी होत्या. कॅप्टनची बायको बोलायला लागली की कॅप्टन समुद्रावर का राहिले ते कळायचं. पुढचं आसन वर आणलं आणि पाहुण्यांच्या सोनेरी खुर्च्यांच्या मधोमध हीटरसमोर ठेवलं. त्यातून वाफ निघत असे आणि घरभर बंदराचा वास येत असे. गाडीत मागच्या बाजूला तांदळाची दोन पोती उघडून ओतली. तांदळाने पाणी प्यायलं, खरोखर प्यायलं. दुसऱ्या दिवशी तो फुगला, तिसऱ्या दिवशी आंबला. फूलवाल्याची गिऱ्हाइकं नाक दाबून दुसऱ्या दुकानात जायला लागली.

या सगळ्यात हातब्रेकचं कोडं त्यांना चैन पडू देत नव्हतं. पाण्याने गाडी वाहत गेली हे समजू शकतं. पण पाणी हातब्रेक कसं ओढेल? ते जिन्यात भेटेल त्याला विचारत. कॅप्टनना विचारलं तर ते म्हणाले, “समुद्रावर मी याहून चमत्कारिक गोष्टी पाहिल्यात,” आणि पटकन दार लावून घेतलं. मादाम फिक्रिया म्हणाल्या, “जिन्न असेल हो,” आणि त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. अम रगब दिसला की फरशी पुसायला लागायचा, मग ती ओली असो की कोरडी. उस्ताद मात्र रोज जेवताना त्या गाढवाची नवी वैशिष्ट्यं सांगत. तो जाडा असणार. त्याला शेपूट नसेल, पण असायला हवं होतं. त्याला आयुष्यात कोणी कधी किल्ली दिली नसेल. इल्हाम पुढ्यातला भात चिवडत ऐकत असे.

एकदा तर त्यांना स्वतःचाच संशय आला.

“इल्हाम, मी झोपेत चालतो का?”

“तू जागेपणी चालत नाहीस,” ती म्हणाली.

शेवटी तपासनीस आला. उस्ताद हिल्मी त्याचं नाव; इथे शिकलेल्या प्रत्येकाला उस्तादच म्हणतात. बारीक, थकलेला माणूस, बुटांत अजून पाणी. त्या आठवड्यात त्याने इतक्या बुडालेल्या गाड्या बघितल्या होत्या की कोणाच्या घरात शिरताना तो खाली वाकून आधी गालिच्याला हात लावून बघत असे. वाफाळणाऱ्या आसनाजवळच्या सोनेरी खुर्चीवर तो बसला. त्याच्यासाठी कॉफी आली. तपासणीची बातमी लागल्यामुळे कॅप्टन, मादाम फिक्रिया आणि अम रगब हेही आपापली कारणं काढून आले होते आणि भिंतीशी उभे होते.

“गाडीत तांदूळ आहे,” उस्ताद हिल्मी म्हणाला.

“सल्ला होता,” उस्ताद वग्दी म्हणाले.

“बरं. एकच प्रश्न आहे, त्यावर सगळं अवलंबून आहे. गाडी लावताना हातब्रेक ओढला होता का?”

“कधीच नाही. मी आयुष्यात कधी ओढलेला नाही. गल्लीत कोणालाही विचारा.”

भिंतीशी उभ्या असलेल्या तिघांनीही माना डोलावल्या. हा माणूस हातब्रेक ओढणाऱ्यातला नाही, हे ते कुराणावर हात ठेवून सांगायला तयार होते.

“मग प्रश्न मिटला,” उस्ताद हिल्मी म्हणाला आणि कॉफीचा घोट घेतला. “गाडी न्यूट्रलला होती, ब्रेक खाली होता. म्हणजे पाण्यासोबत वाहून जायचीच. पण मी बघितली तेव्हा ब्रेक वर आहे. म्हणजे ती वाहून गेली नाही. कोणीतरी आत बसून पुराच्या पाण्यातून चालवत नेली आणि रुळांवर उभी केली. पाण्यातून गाडी चालवल्यावर विमा मिळत नाही.”

“मी चालवली नाही.”

“मग ब्रेक कोणी ओढला?”

“तेच तर मी जगाला विचारतोय.”

“तुम्हीच ओढला असं म्हणा, मग आपण वेगळ्या नियमाखाली बघू.”

“आणि मग?”

“मग तुम्ही गाडी ट्रामच्या रुळांवर लावली असं होईल. त्यालाही विमा नाही. शिवाय दंड आहे.”

 ब्रेक ओढला तर मेलो, न ओढला तरी मेलो. आयुष्यभर जपलेला चांगुलपणाच उस्ताद वग्दींच्या गळ्याशी आला होता. त्यांना एकदम थकल्यासारखं झालं, आणि आसनातून येणाऱ्या वाफेत डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसलं नाही, एवढंच बरं झालं.

“त्या गाढवाला मी...” ते पुटपुटले.

“मी ओढला,” इल्हाम म्हणाली.

 मादाम फिक्रियांनी डोळे मिटून घेतले.

“त्या दिवशी पहाटे गाडी जागेवरून निघाली,” इल्हाम तपासनिसाकडे बघत म्हणाली. तिचा आवाज सर्दीने बसला होता. “पाणी दारांपर्यंत आलं होतं, ती तरंगायलाच लागली होती आणि भुयारी रस्त्याच्या दिशेने चालली होती. तिथे गेली असती तर छपरापर्यंत बुडाली असती. मी याला हलवलं. हा उठेना. मग मी खाली गेले. अम रगब आला, फिक्रिया आली. आम्ही तिघांनी धरली आणि उलटी ढकलत वर रुळांपर्यंत नेली. ढकलायला वाकले की पाणी माझ्या छातीला लागत होतं. वर नेल्यावर ती परत घसरू नये म्हणून मी मागच्या दाराने आत शिरले आणि ब्रेक ओढला. तो ओढायचा नसतो हे मलाही ठाऊक आहे.”

“आणि कॅप्टन?” उस्ताद वग्दींनी कसंबसं विचारलं.

“मी गॅलरीतून सूचना देत होतो,” कॅप्टन म्हणाले. “डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या.”

“त्या उलट्या होत्या,” अम रगब पहिल्यांदाच बोलला.

“पण तू सांगितलं का नाहीस?” उस्तादांनी बायकोला विचारलं.

“सांगणार होते. सकाळी चहाबरोबर सांगणार होते. तू आलास आणि गाढवापासून सुरुवात केलीस. म्हटलं, आधी पूर्ण ऐकून घेऊ. नंतर कॅप्टन म्हणाले की हाताने हलवली हे विम्याला कळलं तर एक पै मिळणार नाही. मग गप्प बसले. गाढवाने गप्पच बसायचं असतं.”

 गेले कित्येक दिवस जेवणाच्या टेबलावर आपण काय काय बोललो ते एकेक करून उस्ताद वग्दींना आठवत होतं. शेपटीचंही आठवलं.

उस्ताद हिल्मीने कप खाली ठेवला. “कॅप्टनना कोणी सांगितलं हे?” तो म्हणाला. “विम्याच्या अटींतच लिहिलंय, मालकाने आपली वस्तू वाचवायची धडपड करायला हवी. ही धडपडच आहे. मालकाने केली नाही, मालकाच्या बायकोने केली. चालतं.” त्याने खिशातून पेन काढलं. “पण खरं सांगू का, उस्ताद? पैसे घ्या आणि गाडी कंपनीला देऊन टाका. दुरुस्त करून घ्याल तर वर्षभर तारा जळतील, वास जाणार नाही, आणि कधी हॉर्न वाजेल सांगता येणार नाही. बुडालेली गाडी घरात ठेवली की घर तिच्यामागे धावत राहतं. आता तुम्हीच ठरवा.”

ठरवायचं म्हटल्यावर सगळ्यांनी उस्ताद वग्दींकडे पाहिलं.  त्यांना कुवेतची आपली खोली आठवली, तिथे पंख्याखाली पडून ते या गाडीचा रंग ठरवत असत. त्यांनी इल्हामकडे पाहिलं.

“तू छातीभर पाण्यात उतरलीस तिच्यासाठी,” ते म्हणाले. “आणि मी ती देऊन टाकू?”

“दे.”

“मग उतरलीस कशाला?”

इल्हामने नाक पुसलं. “ती न विचारता चालली होती, वग्दी,” ती म्हणाली. “या घरातून एकदा कोणीतरी मला न विचारता आठ वर्षांसाठी गेलं होतं. सही करून आलास आणि मग मला सांगितलंस. तेव्हा मला धरता आलं नाही. या वेळी धरलं. आता आपण बसून, बोलून देतोय. ते वेगळं.”

कॅप्टनना अचानक घरी काम असल्याचं आठवलं. मादाम फिक्रिया त्यांच्यामागे गेल्या आणि अम रगबलाही ओढून घेऊन गेल्या.

उस्ताद हिल्मीने कागद पुढे सरकवला आणि मालकाने कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. उस्ताद वग्दींनी पेन घेतलं, जरा वेळ धरून ठेवलं आणि मग ते इल्हामच्या हातात दिलं.

“बाईंची सही लागत नाही,” उस्ताद हिल्मी म्हणाला.

“मला लागते,” उस्ताद वग्दी म्हणाले.